मेंदूतली गाठ कोबीच्या अळीची नसते

एक मजकूर वर्षानुवर्षं फोनवरून फिरतो आहे. सोबत मेंदूच्या एमआरआयचं चित्र असतं, त्यावर पांढरे ठिपके. कधी कोबीच्या पानावर वळवळणाऱ्या हिरव्या अळीचा व्हिडिओही जोडलेला असतो. शब्द बदलतात, पण सांगणं तेच. कोबी आणि फ्लॉवरमध्ये एक किडा असतो. तो उकळूनही मरत नाही आणि पोटातून थेट मेंदूत जातो. पूर्वी हा आजार डुकराचं मांस खाणाऱ्यांनाच व्हायचा, आता कोबीमुळे शाकाहाऱ्यांनाही होतो. त्यावर औषध नाही, डोक्याचं ऑपरेशनच करावं लागतं. सरकारला सगळं माहीत आहे, पण ते दडवून ठेवलं आहे. म्हणून कोबी बंद करा, दर महिन्याला जंतांची गोळी घ्या आणि हा निरोप सगळ्यांना पाठवा.

या मजकुराला नुसतं ‘अफवा’ म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्यातला आजार खरा आहे. त्याचं नाव न्यूरोसिस्टिसर्कोसिस, म्हणजे एका परजीवी कृमीमुळे मेंदूत गाठी होणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, जिथे हा परजीवी मुरलेला आहे अशा भागांत मिरगीच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे तोच असतो. अन्नातून पसरणाऱ्या २४ परजीवींची क्रमवारी याच संघटनेने आणि अन्न व कृषी संघटनेने मिळून २०१४ मध्ये जाहीर केली, तेव्हा पहिल्या क्रमांकावर हाच होता: टीनिया सोलियम, म्हणजे डुकराचा फीतकृमी. आपल्याकडे धडधाकट मुलाला अचानक फिट येते, घरचे त्याच्या नाकाला कांदा लावतात, कुणी देवऋष्याकडे नेतात. पुढे सीटी स्कॅन होतं आणि मेंदूत जेमतेम सेंटिमीटरभराची एक गाठ दिसते. अशी मुलं खूप आहेत. म्हणूनच त्यांच्या आईवडिलांपर्यंत खोटं कारण पोहोचणं मला सहन होत नाही.

पहिला दावा: कोबीतला किडा मेंदूत जातो.

कोबीवर दिसणारी हिरवी अळी हा कीटक आहे. बहुतेक वेळा ती चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी असते. कोबी लावणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला ती ठाऊक आहे, कारण पानांना भोकं पाडून ती गड्डा खराब करते. तिचं पुढचं रूप पतंग. माणसाच्या शरीरात तिला जगताच येत नाही. चुकून पोटात गेलीच तर ती भाजीसोबत पचते. ती आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाते, याला काडीचाही आधार नाही.

मेंदूत जातं ते वेगळंच काहीतरी, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. फीतकृमीचं अंडं मिलिमीटरच्या काही शतांशांएवढं असतं. व्हिडिओतली अळी आणि एमआरआयमधला ठिपका यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. दोन खरी चित्रं शेजारी ठेवून एक खोटी गोष्ट रचलेली आहे.

या एका गोंधळातून पुढचे अनेक गोंधळ निघतात. फ्लॉवरचे तुरे मीठ-हळदीच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवायची पद्धत आपल्या घरोघरी आहे. ती चांगली आहे, अळ्या बाहेर येतात. पण फीतकृमीच्या अंड्यांवर मिठाच्या पाण्याचा किंवा व्हिनेगरचा भरवसा धरता येत नाही. अंडी चिकट असतात. वाहत्या पाण्याखाली पान न् पान चोळून धुतलं तर पुष्कळशी निघून जातात. आणि हा धोका एकट्या कोबीचा मुळीच नाही. जी भाजी मातीला लागून वाढते आणि कच्ची खाल्ली जाते तिला तो लागू आहे: कोथिंबीर, मुळा, गाजर, पातीचा कांदा, काकडी. पोह्यांवर भुरभुरलेल्या कोथिंबिरीबद्दल कुणी घाबरवणारा निरोप पाठवत नाही आणि शिजवून खाल्ल्या जाणाऱ्या कोबीला मात्र घराबाहेर काढतात.

दुसरा दावा: तो उकळूनही मरत नाही.

मरतो. अळीही मरते, फीतकृमीचं अंडंही मरतं आणि डुकराच्या मांसातली कृमीची गाठही मरते. नीट शिजलेल्या कोबीच्या भाजीतून हा आजार होत नाही.

तिसरा दावा: हा डुकराचं मांस खाणाऱ्यांचा आजार आहे, कोबीमुळे तो शाकाहाऱ्यांकडे आला.

इथे जरा थांबायला हवं, कारण हा दावा अर्धा खरा वाटतो. शिकलेली माणसंही इथेच चुकतात. या परजीवीचे माणसात शिरण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांतून होणारे आजारही दोन.

पहिला मार्ग असा. डुकराच्या मांसात या कृमीच्या गाठी असतील आणि ते मांस कच्चं राहिलं, तर गाठीतून माणसाच्या आतड्यात पूर्ण वाढीचा फीतकृमी तयार होतो. तो काही मीटर लांब होऊ शकतो आणि दोन-तीन वर्षं आतड्यातच राहतो. त्या माणसाला बहुधा काही त्रासच होत नाही. कधी पोट कुरकुरतं, कधी शौचातून पांढऱ्या चपट्या तुकड्या पडतात. एकेका तुकडीत हजारो अंडी असतात.

दुसरा मार्ग त्या अंड्यांचा. ती डुकराने खाल्ली की त्याच्या मांसात गाठी होतात आणि चक्र पूर्ण होतं. माणसाच्या तोंडात गेली तर माणसाच्याच शरीरात गाठी होतात: स्नायूत, कातडीखाली, डोळ्यात, मेंदूत. म्हणजे मेंदूतली गाठ थेट डुकराच्या मांसातून येत नाही. ती माणसाच्या विष्ठेतून येते. पाणी, भाजी आणि सगळ्यात जास्त हात, हे तिचे वाहक. ज्याच्या आतड्यात कृमी आहे त्याचा स्वतःचा हात, त्याच्या घरातल्यांचे हात, त्याने वाढलेलं जेवण.

याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा न्यूयॉर्कचा आहे. १९९०-९१ च्या सुमारास तिथल्या कर्मठ ज्यू वस्तीत चार जण फिट्स आणि मेंदूतल्या गाठी घेऊन डॉक्टरांकडे आले. चौघांचं आपसात नातं नव्हतं. त्या समाजात डुकराचं मांस पूर्ण निषिद्ध आहे, घरात येतच नाही. शोध घेतल्यावर कळलं की त्या घरांत कामाला असलेल्या बाया लॅटिन अमेरिकेतल्या, जिथे हा कृमी सर्रास आढळतो अशा भागांतून नुकत्याच आलेल्या होत्या, आणि त्यांच्यातल्या काहींमध्ये संसर्गाच्या खुणा सापडल्या. १९९२ मध्ये हा तपास वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. डुक्कर नाही, कोबी नाही. एका माणसाच्या आतड्यातला कृमी आणि न धुतलेला हात, एवढ्यावर मेंदूपर्यंतचा रस्ता तयार झाला.

या उदाहरणावरून कुणी घरकामाला येणाऱ्या मावशींकडे संशयाने पाहणार असेल, तर त्याला ते समजलंच नाही. ज्यांच्यात संसर्ग सापडला त्या बाया स्वतः रुग्ण होत्या. आतड्यात असा कृमी असलेल्या माणसाला बहुधा ते ठाऊकच नसतं. औषधाच्या एका मात्रेने बहुतेक वेळा तो कृमी जातो. आपल्याकडे डुकरं पाळणाऱ्या समाजांकडे असंच बोट दाखवलं जातं. डुक्कर गावाच्या हागणदारीत फिरतं, कारण गावाने ती हागणदारी ठेवलेली असते. त्याच्या मांसात गाठी होतात त्या माणसांच्या विष्ठेमुळे. या चक्रात डुकराला रोग माणूसच देतो.

म्हणून शाकाहारी घरांत हा आजार ‘आता आला’ असं नाही. तो तिथे आधीपासूनच आहे. भारतातल्या रुग्णालयांत कधीही डुकराचं मांस न खाल्लेले असे रुग्ण नेहमी दिसतात, आणि वरचे दोन मार्ग कळले की त्यात आश्चर्य उरत नाही.

चौथा दावा: औषध नाही, डोकं उघडावं लागतं. आणि त्याला चिकटलेला सल्ला: दर महिन्याला जंतांची गोळी घ्या.

बहुतेक रुग्णांना ऑपरेशन लागत नाही. आपल्याकडे, विशेषतः मुलांमध्ये, बहुधा एकच छोटी गाठ असते आणि ती शरीराच्या प्रतिकाराने विरत चाललेली असते. फिट थांबवणारं औषध सुरू करतात, काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन करतात, पुष्कळदा गाठ नाहीशी झालेली असते. काहींना अल्बेंडाझोल देतात, सूज येऊ नये म्हणून सोबत स्टेरॉइड. ऑपरेशन लागतं ते मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीत गाठ अडकून दाब वाढला तर, किंवा अशाच थोड्या प्रसंगी.

या एकाच गाठीच्या निदानाला भारतातला एक इतिहास आहे, तो सांगण्याजोगा आहे. सीटी स्कॅन आपल्याकडे रुळू लागलं तेव्हा फिट्सच्या रुग्णांत ही एकटी गाठ वारंवार दिसे आणि ती टीबीची समजली जाई. कितीतरी जणांना महिनोन्महिने टीबीची औषधं दिली गेली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या मेंदू शल्यविशारदांनी अशा गाठी काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, तेव्हा त्यांतल्या बहुतेक फीतकृमीच्या निघाल्या. पुढे डॉ. वेदांतम राजशेखर आणि डॉ. मॅथ्यू चांडी यांनी ऑपरेशन न करता दोन्ही कशा ओळखायच्या याचे निकष बांधले. या आजारावरचं मोलाचं काम भारतात झालं आहे. ‘औषधच नाही’ म्हणणारा मजकूर ते सगळं पुसून टाकतो.

दर महिन्याच्या गोळीचा सल्ला तर सरळसरळ धोक्याचा आहे. मेंदूतल्या गाठी औषधाने एकदम मरू लागल्या की भोवती सूज येते, फिट्स वाढू शकतात. मुंबईचे डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये अंगभर गाठी पसरलेल्या रुग्णांविषयी लिहिलं, तेव्हा कृमीनाशक औषधानंतर उठणाऱ्या तीव्र प्रतिक्रियेचा इशारा त्यात होता. डोळ्यात गाठ असेल तर नजर जाऊ शकते, म्हणून आधी डोळा तपासतात आणि मगच औषध सुरू करतात. ज्याला फिट्स येतात किंवा सतत डोकं दुखतं, त्याने दुकानातून गोळ्या आणून स्वतःवर प्रयोग करू नये.

शाळा-अंगणवाडीत मिळणाऱ्या गोळीशी याची गल्लत मात्र नको. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला १ ते १९ वयाच्या मुलांना अल्बेंडाझोलची एक मात्रा देतात, ती गोलकृमी, अंकुशकृमी आणि चाबूककृमी यांच्यासाठी. तिने मुलांची वाढ आणि रक्त सुधारायला मदत होते, ती नाकारू नका. मूल फिट्सचं असेल तर गोळीआधी तिथल्या ताईंना तसं सांगा. पण ही मोहीम फीतकृमीसाठी नाही, आणि ती आहे म्हणून त्या कृमीचा बंदोबस्त झाला असं समजता येत नाही.

पाचवा दावा: सरकारला माहीत आहे, पण दडवतात.

दडवायला आधी मोजावं लागतं. माझी तक्रार नेमकी तिथे आहे.

भारतात हा आजार आहे हे शंभर वर्षांपासून उघड आहे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ब्रिटिश लष्कराच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की हिंदुस्थानात नोकरी करून परतलेल्या सैनिकांना काही वर्षांनी फिट्स येऊ लागतात. १९६१ मध्ये डिक्सन आणि लिप्सकोंब यांनी अशा ४५० रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. बहुतेक जण हिंदुस्थानात राहून आलेले सैनिक होते. संसर्गानंतर फिट यायला कित्येक वर्षं लागू शकतात, हे जगाला मुख्यतः त्या नोंदींमुळे कळलं. त्या सैनिकांच्या नोंदी ठेवणारं कुणीतरी होतं. त्याच छावण्यांभोवती राहणाऱ्या, तेच पाणी पिणाऱ्या आपल्या माणसांच्या नोंदी कुणी ठेवल्या नाहीत.

आजही चित्र फारसं वेगळं नाही. हिवताप, हत्तीरोग, कुष्ठरोग यांना स्वतंत्र राष्ट्रीय कार्यक्रम आहेत. टीनिया सोलियमला तसा नाही. फिटचा रुग्ण मेंदूविकार तज्ज्ञाकडे जातो, गाठ सापडते, औषध सुरू होतं, आणि फाइल तिथेच संपते. त्याला संसर्ग कुठून झाला, हे शोधायला त्याच्या घरी कुणी जात नाही. डुक्कर पशुसंवर्धन खात्याकडे, कत्तल आणि मांसाची तपासणी नगरपालिकेकडे, बाजारातली भाजी अन्न व औषध प्रशासनाकडे, सांडपाणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, गावचं शौचालय ग्रामविकासाकडे आणि फिट आरोग्य खात्याकडे. या एका कृमीचं चक्र इतक्या टेबलांवरून फिरतं, की ते कुणाच्याच टेबलावर पूर्ण दिसत नाही. याला मी कट म्हणणार नाही. हे दुर्लक्ष आहे, आणि त्यासाठी जाब विचारता येतो.

महाराष्ट्राने या बाबतीत काही केलंच नाही असंही नाही. २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, गावंच्या गावं झाडली गेली, पहाटे फिरणाऱ्या गुड मॉर्निंग पथकांची लोकांनी थट्टाही केली आणि धास्तीही घेतली. २ ऑक्टोबर २०१९ रोजी ग्रामीण भारत हागणदारीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. शौचालयं बांधली गेली, ही खरोखर मोठी गोष्ट आहे. पण अंड्याच्या दृष्टीने पाहिलं तर शौचालय हा अर्धाच रस्ता आहे. सेप्टिक टँक भरला की मैला उपसणारी गाडी येते. ती पुढे कुठे रिकामी होते? नाल्यात ओतली आणि त्याच नाल्यावर मोटर लावून पालेभाजी पिकवली, तर खड्ड्यात बंद केलेलं सगळं पुन्हा ताटात येतं. आपल्या शेतीला सोनखत, म्हणजे माणसाच्या मैल्याचं खत, नवं नाही. ते नीट कुजवलं, आतपर्यंत तापलं, की अंडी मरतात. कच्चा मैला शेतात गेला तर अंडी ओलसर मातीत महिनोन्महिने टिकतात. शहराच्या सांडपाण्यावर वाढणारी भाजी कुठली, त्या पाण्यावर प्रक्रिया होते का, हे प्रश्न पालिकेला विचारायचे आहेत. कोबीवरचा निरोप ते प्रश्न गृहिणीच्या चाळणीत नेऊन टाकतो.

सरकारी निर्णयातून हा आजार कसा पसरतो आणि कसा थांबतो, याची दोन उदाहरणं जगात आहेत. इंडोनेशिया सरकारने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यू गिनीच्या पश्चिम डोंगराळ भागातल्या एकारी लोकांना बालीची डुकरं भेट दिली. बालीत हा कृमी होता, एकारींच्या डोंगरात तोवर नव्हता. काही वर्षांतच तिथल्या दवाखान्यात भाजलेल्या माणसांची रीघ लागली. थंडीमुळे लोक झोपडीत शेकोटीभोवती झोपत, झोपेत फिट येई आणि माणूस विस्तवात पडे. भेट पाठवताना जनावरं तपासली असती तर हे टळलं असतं.

दुसरं उदाहरण पेरूच्या तुंबेस प्रांताचं. तिथे माणसांना आणि डुकरांना एकाच वेळी औषध दिलं, डुकरांना लस टोचली, आणि हे सगळं ठरावीक अंतराने पुन्हा केलं. शेवटच्या टप्प्यात १०७ गावं होती, सुमारे ८१ हजार माणसं आणि ५५ हजारांहून जास्त डुकरं. १०७ पैकी १०५ गावांत प्रसार थांबला. २०१६ मध्ये हे निकाल प्रसिद्ध झाले. भारतीय वाचकाला यात एक गोष्ट विशेष टोचायला हवी: डुकरांसाठीची अशी लस आज हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स बनवते. लस आपल्या देशात तयार होते, मेंदूतली गाठ ओळखण्याचे निकष आपल्या देशात तयार झाले, आणि या दोन्हींना जोडणारा कार्यक्रम आपल्याकडे नाही.

शेवटचा दावा: सगळ्यांना पाठवा.

पाठवायचंच असेल तर हे पाठवा. फिट आलेल्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका आणि जिल्हा रुग्णालयात न्या. मेंदूत फीतकृमीची गाठ निघाली, तर त्या रुग्णाची आणि घरातल्या प्रत्येकाची शौचतपासणी करून मागा, कारण त्यांच्यापैकी कुणाच्या तरी आतड्यात कृमी असू शकतो आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ता नसतो. एका नमुन्यात तो सुटू शकतो, म्हणून एकाहून जास्त नमुने द्या. ज्याच्याकडे सापडेल त्याला दोष देऊ नका, औषध द्या. आणि आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना, जिल्हा परिषदेच्या सदस्याला विचारा की असा रुग्ण सापडल्यावर घरी जाऊन तपासणी करण्याचं काम कुणाचं आहे. त्या कामासाठी नवं यंत्र लागत नाही. आशाताई आहेत, सूक्ष्मदर्शक आहे, तंत्रज्ञ आहे. तसा लेखी आदेश निघायला हवा.